"आपण"मधलं एक माणूस गेल्यावर: जिवलग मित्राच्या जाण्यावर कथा लिहायची असेल तर

माझ्या एका मित्राला जाऊन बरीच वर्षं झाली आणि त्याच्यावर लिहिलेली पहिली कथा मी अजून कुठे छापायला दिलेली नाही. तिच्यात सगळं होतं, पाऊस होता, रात्री वाजलेला फोन होता, नायक भिंतीला टेकून मटकन खाली बसला होता, हुंदके होते, शेवटी आभाळाकडे बघणंसुद्धा होतं. एका मैत्रिणीला वाचायला दिली, तिनं शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि एवढंच विचारलं, "हसायचा कसा रे तो?" तेव्हा लक्षात आलं की सतरा पानांत तो एकदाही हसला नव्हता, एक वाक्य बोलला नव्हता, तो फक्त मेला होता.

त्यानंतर चुकत-माकत जे शिकलो ते इथे पायरीपायरीनं मांडतोय. मित्र किंवा मैत्रीण गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाची कथा लिहिताना सगळ्यात अवघड काय असतं तर दुःख दाखवणं हे नव्हेच, ते कसंही दाखवता येतं. अवघड असतं ते हे की काही माणसांसमोरच आपण जसे असतो तसे असतो, दुसऱ्या कुणासमोर नाही, आणि ते माणूस गेलं की आपल्यातला तो तुकडा वापरायला जागाच उरत नाही. हे कागदावर आणायचंय.

आणि मराठीत लिहिणाऱ्याच्या हातात यासाठी एक शब्द आयता आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर "आपण", त्याला वगळून बोलायचं तर "आम्ही". मित्र असताना "आपण जाऊया का" असं म्हणता येतं, तो गेल्यावर तिसऱ्या कुणाला तरी "आम्ही जायचो" एवढंच सांगता येतं, कारण "आपण" म्हणायला तो समोर लागतो. मला तर वाटतं पूर्ण कथाच या दोन शब्दांमधल्या अंतराची असते. आधी आपण, मग आम्ही, मग कधीतरी नुसतं मी.

उदाहरणासाठी दोन पात्रं घेऊ. रेवा आणि नीलू, पंधरा वर्षं बॅडमिंटन डबल्स एकत्र खेळलेल्या. रेवा पुढे नेटजवळ, नीलू मागे. नीलू जाते, रेवा राहते. सगळ्या पायऱ्या याच दोघींवर करून बघू.

पायरी १: दोघांचा हिशोब आधी मांडा

कथेचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी कोरा कागद घ्या आणि एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं काढा. ही कल्पना माझी नाही, आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९९२ साली नात्यातली जवळीक मोजायला दोन वर्तुळांची सात चित्रं वापरली होती, पहिल्या चित्रात वर्तुळं वेगवेगळी आणि शेवटच्या चित्रात जवळजवळ एकच झालेली, आणि माणसाला विचारायचं की तुझं नातं यातलं कुठलं. आपल्याला मोजायचं नाहीये, आपल्याला मधला सामाईक भाग भरायचाय. त्यात "प्रेम", "विश्वास" असले शब्द लिहू नका, त्यातून एक सीनसुद्धा निघत नाही. वस्तू, सवयी, शब्द, कामं लिहा.

सगळ्यात कामाचा प्रश्न हा, की कोण कुणासाठी काय लक्षात ठेवायचं? १९८५ साली डॅनिएल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी मांडलं होतं की जवळची माणसं स्मरणशक्तीसुद्धा वाटून घेतात, एक जण रस्ते लक्षात ठेवतो, दुसरा माणसांची नावं, आणि दोघंही निर्धास्त असतात की उरलेलं दुसऱ्याकडे आहे. म्हणजे एक जण गेला की दुसऱ्याच्या डोक्यातली अर्धी माहितीच जाते. रेवाला कुठल्या मॅचमध्ये काय झालं ते आठवतं, पण कुठल्या वर्षी ते नाही, वर्षं नीलूकडे असायची. नीलू गेल्यावर कुणीतरी सहज विचारतं, तो कप कधी जिंकलात गं, आणि रेवा उत्तरासाठी मान मागे वळवते. बस, एवढंच लिहायचं.

दुसरा प्रश्न, दोघांनी मिळून सांगायचा किस्सा कुठला? प्रत्येक जुन्या जोडीकडे एक असतोच, एकानं सुरू करायचा, दुसऱ्यानं मध्येच तोडून शेवट करायचा, ऐकणाऱ्यांना शंभर वेळा ऐकून पाठ झालेला. रेवा तोच किस्सा सवयीनं सुरू करते, नीलूच्या जागेपर्यंत येते आणि थांबते. सगळे तिच्याकडे बघतायत. शेवट तिला येत नाही असं नाही, पण तो तिचा नाहीये. माझ्या वहीत असे चार-पाच सीन जमल्याशिवाय आता मी कथेला हातच घालत नाही.

पायरी २: मित्राला आधी जगू द्या

मघाचा हसण्याचा प्रश्न इथला. वाचकाला जे माणूस भेटलंच नाही त्याच्यासाठी वाचक रडणार कसा? जाणाऱ्याला निदान दोन पूर्ण सीन द्या ज्यात मरणाची चाहूलसुद्धा नाही. आणि कृपा करून त्याला देवमाणूस करू नका. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हे आपल्या हाडात असतं, त्यामुळे कथेतली मेलेली माणसं सगळी सारखीच होतात, दिलदार, हसतमुख, सगळ्यांच्या मदतीला धावणारी. नीलूला एक चिडका दुर्गुण द्या, ती हरल्यावर दोन दिवस बोलत नाही, किंवा रेवाची प्रत्येक गोष्ट तिला आधीच माहीत असते. आणि दोघींमध्ये काहीतरी अर्धवट ठेवा, एखादं न मिटलेलं छोटं भांडण. मोठं नको, मोठं भांडण ठेवलं की कथा अपराधी भावनेची होऊन बसते आणि मग ती एकट्या रेवाचीच कथा उरते.

शेवटचा संवाद फालतू असू द्या. खऱ्या आयुष्यात शेवटचा मेसेज "पाण्याची बाटली आण" असाच असतो. कुणालाच माहीत नसतं की हा शेवटचा आहे.

पायरी ३: दुःखात मागे राहिलेल्या मित्राची जागा कुठे आहे ते ठरवा

ही पायरी बहुतेक कथांमध्ये गाळलेली दिसते आणि मला त्याची फार हळहळ वाटते, कारण मैत्रीच्या दुःखाचं वेगळेपण नेमकं इथे आहे. मित्र हा नातेवाईक नसतो. बातमी त्याला चौथ्या-पाचव्या माणसाकडून कळते. ऑफिसमधून सुट्टी मागताना "कोण होते तुमचे?" या प्रश्नाला "मित्र" हे उत्तर तोकडं पडतं. लोक सांत्वनाला घरच्यांकडे जातात, आणि जायलाच हवं, पण मित्र कोपऱ्यात चपलांजवळ उभा असतो आणि त्याला कुणी विचारत नाही. केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाला वेगळं नाव देऊन त्यावर लिहिलं, ज्या दुःखाला समाज हक्काचं मानत नाही असं दुःख.

कथा लिहिणाऱ्यासाठी इथून घटना निघतात, फक्त भावना नाही. नीलूच्या वस्तूंचं काय करायचं हे कोण ठरवणार? रॅकेट कुणाला? घरच्यांना ती एक जुनी रॅकेट वाटते, आवराआवर करताना कुणाला तरी देऊनही टाकतील, आणि रेवाला मागता येत नाही कारण मागायचं कुठल्या नात्यानं. ती रॅकेट तिच्या हातात यायच्या आधी जे काही घडतं तिथेच अर्धी कथा आहे. नीलूची बहीण आणि रेवा यांच्यात ओढाताण होऊ द्या, दोघींपैकी कुणीही वाईट नको. बहिणीच्या आठवणीतली नीलू आणि रेवाची नीलू ही दोन वेगळी माणसं आहेत आणि दोघींनाही वाटतं की आपलीच खरी.

पायरी ४: मृत्यू थोडक्यात

मृत्यूच्या सीनला अर्ध्या पानापेक्षा जास्त देऊ नका, हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. मागे राहिलेला तेव्हा कुठे होता आणि काय करत होता एवढं पक्कं ठरवा. बहुतेकदा तो तिथे नसतोच.

महाभारतातलं मौसलपर्व आठवा. कृष्ण जातो तेव्हा अर्जुन जवळ नाहीये, कृष्णाचा सारथी दारुक त्याला बोलवायला हस्तिनापूरला जातो आणि तो नंतर द्वारकेत पोचतो. तो रडतो, हो, पण आपल्या लक्षात राहतं ते पुढचं. द्वारकेतल्या उरलेल्या लोकांना घेऊन निघालेला असताना आभीर लुटारू हल्ला करतात आणि या माणसाला गांडीवाला दोरी चढवताना नाकीनऊ येतात, अस्त्रं आठवत नाहीत, भात्यातले बाण संपतात, जे कधी संपत नव्हते. धनुर्धर ही ज्याची ओळख, त्याची ओळखच मित्राबरोबर निघून गेली. अर्जुन मनातून खचला असं नुसतं सांगून हे कधीच पोचलं नसतं, त्याचे हात चालेनासे झाले म्हणून ते पोचतं. म्हणून तुमच्या पात्राचं "गांडीव" कुठलं ते शोधा, म्हणजे मित्र असताना सहज जमणारी आणि आता न जमणारी गोष्ट. शक्यतो हातांनी करायची असू दे.

पायरी ५: फूट दाखवा, भाषेतून आणि शरीरातून

आता मुख्य काम. मानसिक आजारांच्या निदानासाठी अमेरिकेत जी पुस्तिका वापरतात तिच्या २०२२ च्या आवृत्तीत लांबत गेलेल्या शोकाचं निदान घातलंय आणि त्याच्या लक्षणांच्या यादीत पहिलंच लक्षण ओळख विस्कटण्याचं आहे, आपल्यातला एक भाग मेल्यासारखं वाटणं. म्हणजे "माझा अर्धा जीव गेला" हे लोक उगाच म्हणत नाहीत. पण कथेत हे वाक्य लिहिलं की ते मेलंच. वाचकाला तो अर्धा भाग दिसायला हवा, रिकामा.

रेवाचंच बघा. नेटजवळ खेळणारीला मागची जोडीदार कधी दिसत नाही, फक्त ऐकू येते. पंधरा वर्षं रेवानं नीलूचा खेळ कानांनी बघितलाय, बुटांचा किर्र आवाज, स्मॅशच्या आधी रोखलेला श्वास, आणि "माझं!" अशी हाक. ती हाक आली की रेवानं वाकायचं आणि शटल डोक्यावरून जाऊ द्यायचं. आता नीलू गेल्यानंतर दोन महिन्यांनी रेवा एकटी कोर्टवर आहे, समोरून कुणीतरी प्रॅक्टिस देतंय, एक उंच शटल येतं, सहज परतवता येईल असं, आणि ती वाकते. शटल मागे जमिनीवर पडल्याचा हलकासा टप्प आवाज येतो. ती वळून बघत नाही, तशीच वाकलेली राहते, समोरचा म्हणतो "अगं, तुझंच होतं ते", आणि ती म्हणते "हो, चुकलं". इथे एकही अश्रू घालू नका. मी हा सीन लिहिताना तीन वेळा घातला आणि तीन वेळा काढला.

भाषेत दोन जागी पकडा. एक तर काळ. "नीलूला आवडत नाही" म्हणता म्हणता "आवडायचं नाही" असं स्वतःला दुरुस्त करणं, किंवा उलट, सगळे भूतकाळात बोलत असताना हट्टानं वर्तमानात राहणं. ही चूक पूर्ण कथेत दोनदा-तीनदाच, जास्त झाली की ती युक्ती वाटते. दुसरं म्हणजे मघाचं आपण आणि आम्ही. पहिल्या भागात दोघींच्या बोलण्यात "आपण" सढळ हातानं पेरा, चल आपण निघूया, आपल्याला कुठे जमतं असलं, आपलं काय जातंय. वाचकाला कळूही नये इतकं साधं. मृत्यूनंतर तो शब्द पूर्ण बंद करा, रेवाच्या तोंडून फक्त "आम्ही" येऊ द्या, आणि एकदाच, एकटी असताना, कोर्टचे दिवे बंद करताना, तिच्या तोंडून निघून जाऊ दे, "चला, निघूया आपण". त्यावर काहीही टिप्पणी नको.

पायरी ६: मित्राला अंगावर घेणं

मागे राहिलेलं माणूस गेलेल्यासारखं वागायला लागतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. फ्रॉइडनं १९१७ च्या एका निबंधात लिहिलं होतं की गमावलेल्याची सावली माणसाच्या स्वतःवर पडते, आणि होमरच्या इलियडमध्ये हेच उलट्या बाजूनं आहे, तिथे पॅट्रोक्लस मित्राचं म्हणजे अकिलीसचं चिलखत घालून लढायला जातो, अकिलीस समजूनच समोरचे घाबरतात, आणि तो तिथेच मारला जातो. एकानं दुसऱ्याचं रूप घेतल्याची किंमत असते, हे ती कथा फार स्पष्ट सांगते.

तुमच्या कथेत ही किंमत दाखवा. रेवा नीलूसारखी ग्रिप गुंडाळायला लागते, नीलूचा शब्द वापरायला लागते, हरल्यावर दोन दिवस गप्प बसते, जी गोष्ट तिला नीलूची आवडायची नाही नेमकी तीच. हे तिला स्वतःला कळत नाही, दुसऱ्या कुणाला तरी आधी कळतं. नीलूची आई दारात उभी आहे, रेवा बुटाची लेस बांधताना तोंडात केसांची पिन धरते, आणि आई बोलता बोलता थांबते. ती आनंदी झाली की तिला राग आला हे रेवाला कळत नाही. वाचकालाही नीट कळू देऊ नका.

नवीन लिहिणारे इथे एका वाक्यात घसरतात, "ती माझ्यातून जगतेय". हे वाक्य कुणी बोललंच तर ते सांत्वनाला आलेल्या दूरच्या माणसानं बोलावं आणि रेवाला त्याचा त्रास व्हावा. कारण उसनं घेतलेलं कधीतरी टोचतं, आपण नीलू नाही हे तिला माहीत असतं, पण नीलूची सवय सोडली तर ती सवय जगातूनच जाईल ही भीतीही खरी असते. या दोन्ही भीती एकाच सीनमध्ये असल्या की कथा उभी राहते.

पायरी ७: काळ सरळ रेषेत चालवू नका

दुःखाच्या पाच अवस्था सगळ्यांना पाठ असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार, आणि मग कथा त्या जिन्यानं चढत जाते. एलिझाबेथ क्यूबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मुळात स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या क्रमानं लावण्यात अर्थ नाही. लिहिणाऱ्याला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांचं १९९९ चं म्हणणं जास्त उपयोगी पडतं, माणूस झोके घेत असतो, एकदा गेलेल्याकडे, एकदा रोजच्या जगण्याकडे, दिवसातून कित्येकदा. म्हणून सीन आलटून-पालटून ठेवा. रडण्याच्या सीननंतर गॅसचा नंबर लावण्याचा सीन. मनापासून हसण्याचाही हवा, आणि हसल्यावर दचकण्याचा. मोठ्या दिवसांपेक्षा, वर्षदिन वगैरे, मधलाच कुठलातरी मंगळवार जास्त कामाचा असतो.

पायरी ८: शेवट

"ती सावरली" हा शेवट नको, आणि "ती कधीच सावरली नाही" हाही नको. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ साली संपादित केलेल्या पुस्तकातून हे पुढे आलं की नातं तोडून पुढे जाणं हाच एक निरोगी मार्ग नसतो, माणसं गेलेल्यांशी नातं ठेवून जगतात, फक्त त्याचं रूप बदलतं. तर कथेत ते बदललेलं रूप दाखवायचं.

मी रेवाचा शेवट असा करेन. नवीन जोडीदार आहे, लहान मुलगी, तिची हाक नेहमी उशिरा येते. तीन मॅच हरल्यात. एका ब्रेकमध्ये रेवा पाणी पिते, तोंड पुसते आणि म्हणते, "आपण जागा बदलूया." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा जिवंत माणसाला म्हटलेलं "आपण". तिला स्वतःला ते ऐकू येतं. मग ती मागे जाऊन उभी राहते, नीलूच्या जागेवर, आणि समोर तिला दिसते जोडीदाराची पाठ, वाकलेले खांदे, मानेवरचे घामेजलेले केस. पंधरा वर्षं नीलूला हे दिसत होतं. रेवाची पाठ. सर्व्हिस येते, शटल उंच उडतं, आणि हाक मारायची वेळ रेवाची असते. ती कुठला शब्द ओरडते ते माहीतच आहे, पण तिथे थांबायचं की शब्द लिहायचा हे मी अजून ठरवलेलं नाही, दोन्ही करून बघा.

तुमचंच माणूस गेलं असेल तर

हे वेगळं लिहायला हवं. स्वतःच्या मित्रावर लिहित असाल तर पहिला ड्राफ्ट स्वतःसाठी लिहा आणि बंद करून ठेवा, काही महिने तरी. त्याचे मेसेज, व्हॉइस नोट, पत्रं कथेत जशीच्या तशी घालायची असतील तर घरच्यांना आधी विचारा, ती तुमच्याकडे असली तरी. नाव, काम, आजार बदला, पण हसणं बदलू नका. आणि लिहिताना झोप उडायला लागली, जेवण जाईनासं झालं, जगणंच नको वाटायला लागलं तर लिहिणं बाजूला ठेवून त्याच दिवशी कुणाशी तरी बोला, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी. कथा थांबते, तिला घाई नसते.

शेवटचं वाचन

पूर्ण ड्राफ्ट एकदा मोठ्यानं वाचा. "पोकळी", "काळाच्या पडद्याआड", "न भरून येणारं", "स्तब्ध", हे शब्द जिथे दिसतील तिथे पेन्सिलनं खूण करा, त्या प्रत्येक जागी खरं तर एक वस्तू यायला हवी होती जी तुम्ही अजून शोधलेली नाही. मग दुसऱ्या रंगानं प्रत्येक "आपण"भोवती गोल करा आणि पानं जमिनीवर ओळीनं मांडा. सुरुवातीच्या पानांवर गोलांची गर्दी दिसेल, मग एक लांब पट्टा कोरा, त्यात मध्येच एक, दिवे बंद करतानाचा, आणि अगदी शेवटी आणखी एक. कोऱ्या पट्ट्यात चुकून आणखी एखादा गोल सापडला तर तो कुणाच्या तोंडी आहे ते बघा, रेवाच्या असेल तर वाक्य बदला, दुसऱ्या कुणाच्या असेल तर राहू द्या, तिला तो ऐकू येतोच.